किसनरावांच्या आवाजाचा वेग

नागपुरात जुना रेडिओ दुरुस्त करणारे कोणी उरले आहे का, हा प्रश्न माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांनी आधी गावभर विचारलेला असतो. सीताबर्डीवरच्या काचेच्या दुकानांत त्यांना उत्तर मिळालेले असते: हे मॉडेल बंद झाले, मुंबईला पाठवा, नाहीतर भंगारात घाला आणि रेडिओ-कॅसेटचा नवा टू-इन-वन घेऊन जा. मग एखाद्या पानठेल्यावर कोणीतरी म्हणते, "त्या मागच्या गल्लीत एक पोरगी बसते, तिले दाखवून पाय." असा माणूस खोक्याला सुतळी बांधून, सायकलरिक्षात ते मांडीवर सांभाळत येतो, मला पाहतो, माझ्या पाठीमागे पाहतो आणि विचारतो, "मिस्तरी कुठी गेला?"

"मीच मिस्तरी."

"नाही जी, दुरुस्ती कोन करते म्हनतो मी."

या संवादावर पूर्वी मी चिडत असे. आता सरळ खोके उघडते. माझ्या हातात पेचकस दिसला, की पुढचा प्रश्न आपोआप बदलतो.

मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आहे; विशेष विषय इलेक्ट्रॉनिक्स. माझे सहाध्यायी बँकेत गेले, महाविद्यालयांत गेले, एकदोघे परदेशीही गेले. मला माझ्या नावाचा अॅम्प्लिफायर बनवायचा होता आणि आजही बनवायचा आहे. तो हेतू ऐकून माझे प्राध्यापक म्हणाले, "मग दुरुस्तीचं दुकान कशाला?" माझे उत्तर तेव्हाही तयार होते. चांगले यंत्र कसे बांधावे हे पुस्तकात असते. ते वीस-पंचवीस वर्षे वापरल्यावर कुठे आणि का मोडते, हे पुस्तकात नसते. ते शिकण्यासाठी मोडलेली यंत्रे लागतात आणि ती लोक आपण होऊन आणून देतात, अशी दुसरी प्रयोगशाळा मला ठाऊक नव्हती. एका रेडिओ-विक्रेत्याने दुकानाचा मागचा अर्धा भाग मला भाड्याने दिला आणि काम सुरू झाले.

या धंद्याची ओळख नसलेल्यांसाठी थोडे सांगते. जुन्या रेडिओत ट्रान्झिस्टर नसतात, व्हॉल्व्ह असतात: हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्या. त्यांतली तार तापून लाल झाल्याशिवाय रेडिओ बोलत नाही, म्हणूनच बटण फिरवल्यावर थोडे थांबावे लागते. व्हॉल्व्ह दिसायला नाजूक असला तरी सहसा आधी मरत नाही. आधी मरतात ते वीज साठवणारे, मेण लावलेल्या कागदाचे कंडेन्सर. थंड देशात बनलेला संच नागपूरचा मे महिना पाहतो तेव्हा हे मेण पाझरते, आणि आषाढात त्याच वाटेने दमट हवा आत शिरते. त्यातून वाचले तर उबेला येऊन बसणारा उंदीर असतो. त्याला तारेवरचे रबर आवडते.

खोके उघडण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: "याला आधी कोणी हात लावला?"

उत्तर एकच असते, "कोनीच नाही." मग झाकण निघते, आत एक स्क्रू कमी असतो, एका तारेला चिकटपट्टी गुंडाळलेली असते, आणि सत्य हळूहळू बाहेर पडते. जावयाने पाहिले होते. शेजारचा मुलगा आयटीआय करून राहिला, त्याने "फक्त खोलून" ठेवले होते. मूळ बिघाड शोधायला मला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ या प्रेमळ हातांनी केलेल्या बिघाडावर जातो. लोक खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. घरच्या माणसाने लावलेला हात त्यांच्या लेखी हातच नसतो.

दुसरी गोष्ट मला अनुभवाने कळली. दुरुस्त म्हणजे काय, याची गिऱ्हाइकाची व्याख्या माझ्या व्याख्येपेक्षा वेगळी असू शकते. कामठी रोडवरच्या एका मंडपवाल्याचा लग्नाकार्यात वाजणारा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर मी मनापासून दुरुस्त केला. आवाज आरशासारखा स्वच्छ झाला. तो आठवड्याने परत आला.

"बाई, आवाज साफ झाला जी. पन वजन गेलं."

"वजन म्हणजे?"

"म्हंजे आधी कसा, लोकाइच्या छातीत घुसे. आता नुसता कानात जाऊन राहिला. वरातीतले पोट्टे नाचेनात."

त्याला जे 'वजन' वाटत होते ते शास्त्राच्या भाषेत विकृती होती: आवाज चिरडला जाऊन त्यात नसलेले सूर मिसळत होते. मी त्याला हे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ते जे काई असन, थेच पाह्यजे." मी एक जोडणी बदलून त्याची विकृती त्याला परत केली. त्याचा आनंद पाहून मला हसू आले होते. पुढे एका हिवाळ्यात नागपूरजवळच्या कन्हानहून तीन माणसे आली, तेव्हा हसण्यासारखे काही नव्हते.

एक उंच, वाळलेले गृहस्थ. त्यांच्या गळ्याभोवती पांढरे फडके सैलसर बांधलेले. सोबत पत्नी आणि डी.एड. करणारी मुलगी. मुलीच्या हातात उघड्या रिळांचा जुना स्पूल टेपरेकॉर्डर होता, आईच्या पिशवीत लोखंडी ठोकळ्यासारखा एक ट्रान्सफॉर्मर, आणि त्या गृहस्थांनी स्वेटरच्या आत, छातीशी, टेपचा पत्र्याचा चपटा डबा धरला होता. मी त्यांना बसायला सांगितले. त्यांनी मान लववली, बोलले नाहीत.

"याइचं बोलनं गेलं, बाई," पत्नी म्हणाल्या. त्यांचे नाव शेवंताबाई. "गळ्याचं ऑपरेशन झालं. घशातली पेटीच काढून घेतली डाक्टरनं. गानाऱ्या मानसाची पेटीच काढली पाहा."

किसनराव कन्हानजवळच्या एका खाणीत कामाला होते. ते आणि त्यांच्या वस्तीतली घरे छप्पन साली दीक्षा घेतलेली. दिवसा खाण आणि संध्याकाळी विहारात गाणे, असा त्यांचा तरुणपणापासूनचा क्रम होता. गाणी ते स्वतः रचत. आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणी येत. कोणत्याही कंपनीने त्यांची तबकडी काढली नव्हती, परंतु साठच्या दशकात खाणीवरच्या एका इंजिनिअर साहेबांनी, अमेरिकेहून आणलेल्या यंत्रावर, आपल्या बंगल्यावर बोलावून त्यांचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले होते. साहेबांची बदली झाली तेव्हा जाताना ते यंत्र किसनरावांनाच देऊन गेले. वर्षानुवर्षे ते घरी वाजत असे. नंतर बिघडले आणि पलंगाखाली गेले.

"ऑपरेशन झाल्यापासून बाबांनी काहीच मागितलं नाही," मुलगी सुजाता म्हणाली. "जेवन देल्लं तं जेवतात. मागच्या महिन्यात त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. पहिल्यांदाच काही मागितलं ताई, म्हनून आमी आलो."

मी नेहमीचा प्रश्न विचारला. शेवंताबाईंनी नेहमीचे उत्तर दिले.

"आई, खरं सांग ना वं," सुजाता म्हणाली. "कामठीच्या पंखेवाल्याले मोटर कोनं देल्ली?"

"मंग? पंख्याची मोटर भरते थो, तं याची काहून नाही भरता येत? मोटर ते मोटर."

पंखेवाल्याने पंख्याच्या हिशेबाने तिच्यावर तार गुंडाळली, चालू करताच धूर निघाला, आणि त्याने ती मोटर भंगारात टाकली. तिच्यावरची माहितीची पट्टीही तिच्याबरोबर गेली. यंत्र म्हणजे आता आत्मा गेलेले खोके होते.

मी त्यांना सांगितले की यंत्र परत येणार नाही, पण गाणे येऊ शकेल. माझ्याजवळ एका लिलावात मिळालेले जुने स्पूल यंत्र होते. त्याचा वेग मी प्रमाण टेप लावून काटेकोर तपासून ठेवलेला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. अडचण टेपची होती. डबा उघडला तेव्हाच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. ती टेप कडक झाली होती आणि तिच्यावरचा तपकिरी थर सुटत होता. या थरातच आवाज असतो. टेप फिरली की थोडी भुकटी यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, उरते. स्पिरिट लावलेल्या कापसाने ती पुसावी लागते, आणि त्या कापसावर जे येते ते पुन्हा कधीही ऐकता येत नाही. म्हणून मी ठरवले, एकदा थोडेसे ऐकून घ्यायचे आणि मग एका दमात कॅसेटवर उतरवायचे. किसनरावांनी होकार दिला.

मी टेप लावली. पेटी वाजू लागली, मागून ढोलकी, आणि मग आवाज आला:

"वाट नव्हती तेव्हा निघालो, वाट मागून आली गा..."

स्वच्छ आला. शब्द कळत होते, सूर कळत होते. आवाज कोवळा, पातळ, काहीसा घाईत होता. मी समाधानाने मागे वळून पाहिले. किसनराव यंत्राकडे नव्हे, पत्नीकडे पाहत होते.

"हा कोन व माय?" शेवंताबाई म्हणाल्या.

"गानं तर तेच आहे," सुजाता पुटपुटली. "पन हे बाबा नाही."

किसनरावांनी हात वर केला. मी यंत्र थांबवले.

स्पष्टीकरण माझ्याजवळ तयार होते आणि ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबरही होते. आपला आवाज आपण हवेतून जेवढा ऐकतो, तेवढाच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो. यंत्र फक्त हवेतला आवाज टिपते. स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो परका आणि पातळ वाटतो. मी हे किसनरावांना समजावले. ते डोळे न हलवता ऐकत होते.

शेवंताबाईंना ते पटले नाही. "हे याइचं झालं, बाई. मी काय याइच्या डोस्क्यात बसून ऐकत होती काय? मी तं बाहेरूनच ऐकलं ना."

"टेप जुनी आहे, कान विसरतात," असे काहीतरी मी म्हणाले. तेवढ्यात किसनरावांनी पत्नीचा हात धरला आणि ओठ हलवले. त्यांचे ओठ वाचण्याची शेवंताबाईंना सवय झाली होती. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"म्हनून राहिले, मशीन खोटं काहून बोलन. माहा आवाज असाच असन. लोकं भले होते, उगीच वाहवा करत होते, म्हनते."

ते उठले. डबा तसाच टेबलावर राहिला होता. मी तो पुढे केला, तर त्यांनी तळहात उपडा करून हलवला. नको. शेवंताबाई त्यांच्या मागे जाता जाता थांबल्या. "ठेवा तुमच्यापाशीच. घरी नेऊन काय करू आता?" आणि ट्रान्सफॉर्मरही तिथेच टाकून ती तिघे कन्हानच्या बसला गेली.

आवाज शस्त्रक्रियेने गेला होता तो गेलाच होता. पण आपण गायक होतो, एवढे त्या माणसाजवळ उरले होते. ते माझ्या टेबलावर संपले. माझे यंत्र अचूक होते, माझा सिद्धांत खरा होता, आणि निष्कर्ष चूक असण्याची शक्यता एका बाईच्या एका वाक्याने उभी केली होती. हे सारे एकाच वेळी खरे असू शकत नाही. म्हणून मी प्रश्न पुन्हा मांडला: बाहेरून ऐकणाऱ्या दोन माणसांना आवाज ओळखू येत नाही, तर कुठेतरी वेग चुकला आहे. माझ्या यंत्राचा नाही. मग कोणाचा?

टेप मनसोक्त ऐकण्याची मुभा नव्हती. तक्रार तपासण्यासाठी सुरुवातीच्या पेटीची एक छोटी नक्कल मी त्याच दिवशी कॅसेटवर घेतली. त्यानंतर दोन कडव्यांमध्ये जिथे पेटीही थांबते, तेवढाच एक तुकडा मी हेडफोन लावून ऐकला. विजेवर चालणाऱ्या कोणत्याही जुन्या यंत्रात एक मंद घुमणे असते; घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि तिचाच तो खर्ज. तो मला अपेक्षित होता. परंतु हा घुमणारा सूर स्थिर नव्हता. तो भराभर थरथरत होता. मोटरचा दोष समजून मी पट्टे तपासले. पट्टे ठीक होते. टेप थांबवली की थरथर थांबे, घुमणे तेवढे राहत असे. टेप सुरू केली की थरथर पुन्हा सुरू.

तंबोरा लावणाऱ्या माणसाला ही थरथर माहीत असते. दोन तारा जवळजवळ सारख्या, पण नेमक्या सारख्या नसल्या, की त्यांच्या नादाला लाटा येतात. तारा जुळत गेल्या की लाटा संथ होतात, आणि पूर्ण जुळल्या की नाहीशा होतात. म्हणजे माझ्या हेडफोनमध्ये घुमणारे सूर दोन होते. एक माझ्या यंत्राचा, आज नागपुरात चालू असलेल्या विजेचा. दुसरा टेपवर नोंदला गेलेला, त्या बंगल्यातल्या विजेचा. आणि टेपवरचा सूर माझ्या सुरापेक्षा वर होता.

वीज तर दोन्हीकडे सारखीच. मग टेपवरची वर कशी गेली?

माझी नजर त्या ट्रान्सफॉर्मरवर गेली. तो मी कितीदा उचलून बाजूला ठेवला होता. अमेरिकेतली वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची असते, म्हणून तिकडचे यंत्र इथे लावण्यासाठी असा ट्रान्सफॉर्मर लागतो. हे कोणालाही ठाऊक असते. मात्र तिकडची वीज सेकंदाला पन्नास नव्हे, साठ आवर्तने करते. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, हा आकडा बदलू शकत नाही, आणि मोटरचा वेग याच आकड्यावर ठरतो. साहेबांच्या यंत्राची मोटर इथे पहिल्या दिवसापासून हळू फिरत होती. तिने गाणे हळू टिपले आणि हळूच वाजवले. दोन चुका एकमेकींना नेमक्या फेडत होत्या, म्हणून घरात इतकी वर्षे तो आवाज किसनरावांचाच राहिला. पंखेवाल्याने मोटरबरोबर ती चूक जाळली, आणि माझ्या अचूक यंत्राने उरलेली चूक उघडी पाडली. गाणे धावू लागले आणि चाळिशीतल्या माणसाचा आवाज पोरसवदा झाला.

आता मला माझे यंत्र योग्य प्रमाणात चुकीचे करायचे होते. मोटरवरची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारे चाक, जितकी बारीक, तितकी टेप हळू. इतवारीतल्या लेथवाल्याकडून मी पितळेची नवी पुली हिशेबापेक्षा किंचित बारीक करून घेतली. तो म्हणाला, "मॅडम, ह्यानं मशीन स्लो चालन."

"तेवढ्यासाठीच हवी आहे."

"लोक फास्ट करायले येतात," तो म्हणाला आणि त्याने लेथ सुरू केला.

पुली बसवून कडव्यांमधल्या त्याच तुकड्यावर टेप फिरवली. थरथर होती, पण संथ. मी पुलीला पातळ चिकटपट्टीचा एक वेढा दिला. थरथर आणखी लांबली. शांत झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी वर जाऊन खाली येऊ लागली. आणखी अर्धा वेढा कापून लावला. घुमणे एकच झाले. बंगल्यातली वीज आणि माझ्या दुकानातली वीज एका सुरात आल्या.

मग मी सुरुवातीपासून टेप लावून गाणे कॅसेटवर उतरवले. जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. तो खोल, रुंद आणि कमालीचा शांत होता. गाणे संपल्यावर हेडवर तपकिरी भुकटीचा जाड थर होता. कापसाने तो पुसताना मला बरे वाटले नाही.

सुजाताचे कॉलेज नागपुरातच होते; ते सुटल्यावर ती माझ्या दुकानावरून जात असे. मी तिला थांबवून सगळे सांगितले.

"बाबा येनार नाही, ताई," ती म्हणाली. "त्यांनी ढोलकी देऊन टाकली. विहारात पन जात नाहीत. तुमी आता चांगला आवाज आनला म्हनलं, तं म्हनतील मन राखाले गोड करून आनला."

ही शंका रास्त होती. ज्याने एकदा यंत्राचा निकाल शिरोधार्य मानला, तो दुसऱ्यांदा यंत्रावरच का विश्वास ठेवील? त्याला हवा असलेला पुरावा त्याच्या आवाजाबाहेरचा असायला हवा होता, आणि माझे विजेचे घुमणे त्याच्या उपयोगाचे नव्हते. मी विचारले, "टेपवर पेटी कोणाची आहे?"

"विहारातली. साहेबाच्या बंगल्यावर तीच नेली होती. अजून तीच आहे."

"तुझे बाबा कुठल्या पट्टीत गायचे?"

"काळी एक. सारी वस्ती सांगन तुमाले."

पुढच्या रविवारी सकाळी मी कन्हानला गेले. सोबत दोन कॅसेट होत्या आणि नवे सेल घातलेला, वेग तपासलेला प्लेअर. सेल उतरले तर तोही आवाज हळू करून खोटी साक्ष देतो. किसनराव विहाराच्या ओट्यापर्यंत आले, ते मी पाहुणी म्हणून. आत येऊन ते भिंतीशी बसले, हात मांडीवर, नजर जमिनीकडे.

मी त्यांना म्हणाले, "तुमचा आवाज आधी ऐकू नका. फक्त पेटी ऐका."

मी दुकानातल्या पहिल्या वेगाची ती छोटी नक्कल प्रथम लावली. सुजाताने विहारातल्या पेटीचा भाता मारून काळी एक धरली. टेपवरची पेटी कुठल्या कुठे वर वाजत होती. दोन्ही सूर एकमेकांवर किरकिरले. किसनरावांनी मान उचलली. सुजाता एकेक पट्टी चढत गेली आणि पांढरी तीनवर येऊन थांबली. तिथे ते जुळले.

शेवंताबाई फटकन म्हणाल्या, "पांढरी तीनमध्ये हे कधी गायले? बाईमानसं गातात थितून."

मग मी दुसरी कॅसेट लावली. सुजाताचे बोट पुन्हा काळी एकवर आले. टेपवरच्या पेटीने तोच सूर धरला. दोन पेट्या होत्या आणि एकच ऐकू येत होती; मध्ये कुठेही थरथर नव्हती. किसनराव गुडघ्यांवर सरकत प्लेअरपाशी आले. एक हात त्यांनी पेटीच्या लाकडावर ठेवला, दुसरा प्लेअरवर.

आणि आवाज सुरू झाला.

विहारात आणखी चार माणसे जमली होती, ती दारातच थांबली. शेवंताबाईंनी पदर तोंडाशी नेला. मी किसनरावांकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ते ऐकत होते, कपाळाला आठी घालून, एखाद्या परक्या गायकाला ऐकावे तसे. दुसरे कडवे झाले. तिसऱ्यात, "वाट मागून" या शब्दांपाशी, त्यांनी एकाएकी मांडीवर जोराने थाप मारली आणि थांबवण्याची खूण केली.

मी प्लेअर बंद केला. पुन्हा काय चुकले असेल, याचा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला.

शेवंताबाई मात्र हसू लागल्या. रडता रडता हसत होत्या. "आता झालं! हेच थे! चुकले तिथं, सम यायच्या आधीच येऊन पडले. याइले याइचंच गानं कधी पटलं नाही, बाई. लगन झाल्यापासून मी हेच पाहून राहिली."

किसनराव त्यांच्याकडे रागाने पाहून ओठ हलवत होते. "हो, हो," त्या म्हणाल्या. "म्हनते, ढोलकीवाला घाई करत होता. बिचाऱ्या ढोलकीवाल्याले काहून बोल लावता जी?"

दारातून कोणीतरी म्हणाले, "ढोलकीवर मीच होतो ना गा, किसनदादा!" आणि विहारभर हशा पिकला.

किसनरावांनी हात उंचावून सर्वांना गप्प केले. त्यांनी पेटीच्या लाकडावर बोटांनी ताल धरला. जिथे सम यायला हवी होती तिथे तळहात आपटला आणि सुजाताकडे बोट दाखवले. ती आधी बावरली. मग तिने ती ओळ म्हटली. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा ताल, पुन्हा तळहात. तिने पुन्हा म्हटली. पुन्हा नाही.

"बसा बाई," शेवंताबाई मला म्हणाल्या. "हे आता लवकर सोडत नाहीत. मी चहा ठेवते."

सुजाताने काळी एक धरून पहिल्या ओळीपासून गायला सुरुवात केली, आणि किसनरावांचे ओठ प्रत्येक शब्दाला तिच्याआधी हलत होते.